सहा फुटी रिमोट एअरशिप: सगळा हिशेब ग्रॅमचा

एअरशिप, म्हणजे गॅसच्या पिशवीवर तरंगणारं आणि मोटरींनी चालणारं यान, करायला घेतलेले बहुतेक जण आधी मोटर आणि रिमोट विकत आणतात, पिशवीचं नंतर बघू म्हणतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी पिशवी करा, गॅस भरून तिची उचल तोला आणि जेवढे ग्रॅम हाती राहतील तेवढ्यात बाकीचं बसवा. विमानाचं वजन दहा ग्रॅमने वाढलं तर थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, थोडा जास्त देऊन भागतं. इथे उचल पिशवीच्या घनफळाने बांधलेली असते, ती वाढवणारी काडी (स्टिक) रिमोटवर नसते.

खाली दिलेली एअरशिप १.८ मीटर लांब आणि मध्यावर ७५ सेंटीमीटर व्यासाची आहे, बंद हॉलमध्ये उडवण्यासाठी. हे माप दाराकडे बघून ठरवलं आहे. तीन फुटी दारातून ७५ सेंटीमीटरची फुगलेली पिशवी न घासता आत-बाहेर होते. ९० सेंटीमीटरची केलीत तर कधी ना कधी कडी-कोयंड्यात अडकून फाटणारच.

उचल किती मिळेल

आकार दोन्ही टोकांना निमुळता, लंबगोल. त्याचं घनफळ म्हणजे ०.५२३६ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले लांबी: ०.५२३६ × ०.७५ × ०.७५ × १.८ = ०.५३ घनमीटर, म्हणजे ५३० लिटर.

३० अंश तापमानात समुद्रसपाटीला, म्हणजे मुंबई किंवा पणजीत, शुद्ध हेलियम घनमीटरमागे साधारण १ किलो उचलतो. पुणं ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ, म्हणून तोच घनमीटर ९४० ग्रॅमच उचलतो. महाबळेश्वरला समुद्रसपाटीपेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास घट धरा. शिवाय गॅस पूर्ण शुद्ध नसतो, पिशवीत थोडी हवा राहतेच आणि पिशवी काठोकाठ भरायचीही नसते. या तिन्हींसाठी ५ टक्के सोडून द्या. पुण्यात हाती येतात ४७० ग्रॅम, मुंबईत ५००. पुढचे आकडे पुण्याचे आहेत. किनाऱ्यावर तीस ग्रॅम वरकड मिळतील.

हायड्रोजनचं नाव काढू नका. जत्रेतले काही फुगेवाले कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे जुन्या सिलिंडरमध्ये घालून तिथल्या तिथे जो गॅस करतात तो हायड्रोजन. हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला तरी तो पेट घेतो, आणि या पिशवीखाली तर बॅटरी आणि मोटरी लटकत असतात. त्याने उचल वाढते ती जेमतेम ८ टक्के, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. तेवढे ग्रॅम हलकी फिल्म निवडूनही वाचतात.

फिल्म

हवी ती पॅकेजिंगची लॅमिनेट फिल्म: बाहेरून चकचकीत मेटलाइज्ड पॉलिएस्टर, आतून एलडीपीईचा, म्हणजे पॉलिथिनचा, थर. पॉलिएस्टर गॅस अडवतं, एलडीपीई वितळून जोड धरतं. दोन्ही थर लागतात. गिर्यारोहणाच्या दुकानात मिळणारं चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट हलकं असतं म्हणून मोह होतो, पण त्याला पॉलिथिनचा थर नसतो. ते इस्त्रीने चिकटत नाही आणि घडीच्या प्रत्येक रेषेवर त्याला बारीक भोकं पडतात.

दुकानदाराला दोन्ही थरांची जाडी मायक्रॉनमध्ये विचारा आणि वजन स्वतः काढा. पॉलिएस्टरचे मायक्रॉन गुणिले १.३९ अधिक एलडीपीईचे मायक्रॉन गुणिले ०.९२, हे झाले चौरस मीटरचे ग्रॅम. १२ अधिक २० ची फिल्म ३५ ग्रॅमची येते, १२ अधिक ५० ची ६३ ग्रॅमची. आपल्या पिशवीला जोडांसकट ३.८ चौरस मीटर फिल्म लागते. पहिली घेतली तर पिशवी १३३ ग्रॅमची, दुसरी घेतली तर २३९ ची. दुसरीनेही एअरशिप उडते, फक्त कॅमेरा वगैरे लावण्याची चैन संपते. एक मीटर पन्ह्याची फिल्म असेल तर ७ मीटर पुरते.

पाकळ्यांचा फर्मा

पिशवी सहा सारख्या पाकळ्यांची. फर्मा जाड, ताठ पुठ्ठ्याचा करा, कारण तो पुढे इस्त्रीच्या वेळीही लागणार आहे. पाकळीची लांबी २०८.९ सेंटीमीटर. पुठ्ठ्यावर मधोमध एक सरळ रेघ ओढा, टोकापासून खालील अंतरांवर खुणा करा आणि प्रत्येक खुणेशी दोन्ही बाजूंना दिलेली अर्धी रुंदी मोजा:

१०.३ सेंमीवर ५.१ सेंमी
२३.२ सेंमीवर ९.८ सेंमी
३९.५ सेंमीवर १३.९ सेंमी
५९.० सेंमीवर १७.० सेंमी
८१.१ सेंमीवर १९.० सेंमी
१०४.४ सेंमीवर, म्हणजे मध्यावर, १९.६ सेंमी

दुसरा अर्धा भाग याचंच प्रतिबिंब. बिंदू जोडायला लवचीक पट्टी वाकवून धरा, जुनी पीव्हीसी केसिंगची पट्टी छान वाकते. बिंदूंमध्ये सरळ रेघा मारल्या तर प्रत्येक कोपऱ्यापाशी पिशवीवर सुरकुती उमटते आणि जोडावरचा ताण तिथेच एकवटतो. वेगळं माप करायचं असेल तर सूत्र सोपं आहे: त्या ठिकाणची त्रिज्या गुणिले ०.५२३६ ही सहा पाकळ्यांसाठी अर्धी रुंदी. फक्त अंतर अक्षावर न मोजता वक्रावर मोजायचं. इथे चुकलं की पिशवी आखूड आणि ढेरपोटी होते.

फर्म्यात जोडाची जागा धरलेली नाही. फिल्म कापताना सगळ्या बाजूंनी १० मिलिमीटर जास्त ठेवा. सहाही पाकळ्या कापून झाल्या की एकीवर एक ठेवून पाहा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असलेली पाकळी बाजूला काढून नवी कापा. ताणून-ओढून जुळवलेली पाकळी फुगल्यावर पिळा दाखवते, मग शेपटाचे पंख कधीच सरळ बसत नाहीत.

जोड

साधी, कोरडी इस्त्री घ्या. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात आणि भोकाखालचा भाग दाबला जात नाही, तिथे गळती ठरलेली. एलडीपीई ११० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे तळ १३० ते १५० अंशांवर हवा. इस्त्रीच्या चकतीवर ही जागा नायलॉन आणि रेशमाच्या खुणांच्या आसपास येते, पण चकतीवर विश्वास ठेवू नका, कात्रणांवर ठेवा. दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या पॉलिथिनची बाजू आत घेऊन जोडा, पूर्ण गार होऊ द्या आणि ओढा. जोड सोलून निघाला तर उष्णता कमी पडली. कड आकसली, पांढरी झाली तर जास्त झाली. जोड तसाच राहून शेजारची फिल्म ताणली किंवा फाटली, की तापमान बरोबर. पॉलिथिनची बाजू ओळखायची असेल तर कात्रण आपल्याच आत दुमडून इस्त्री टेकवा, जी बाजू चिकटते ती.

टेबलावर जुनी चादर दुहेरी पसरा. दोन पाकळ्या पॉलिथिनला पॉलिथिन लावून ठेवा, वर फर्मा. फर्म्याबाहेर डोकावणारी १० मिलिमीटरची कड हाच तुमचा जोड. तिच्यावर बेकिंग पेपरची पट्टी ठेवून इस्त्री एका जागी तीन-चार सेकंद दाबा, उचला, अर्धी पुढे सरकवा, पुन्हा दाबा. घासत नेऊ नका, गरम फिल्म सरकते. पुठ्ठा आतल्या फिल्मला उष्णतेपासून वाचवतो आणि जोडाची रेघही तोच राखतो. पिशव्या बंद करायचं हँड सीलिंग मशीन असेल तर ते सरळ भागात उपयोगी पडतं, पण वक्रावर त्याचे तुकडे एकमेकांत किमान एक सेंटीमीटर चढवावे लागतात.

तिसरी पाकळी लावताना दुसरी मधोमध दुमडा आणि तिची मोकळी कड तिसरीच्या कडेला भिडवा. अशा तीन-तीन पाकळ्यांच्या दोन ओंजळी तयार होतील. शेवटी दोन्ही ओंजळी समोरासमोर ठेवून उरलेले दोन लांब जोड करा. या शेवटच्या दोन जोडांपैकी एकात, मध्यापासून सुमारे ३० सेंटीमीटर मागे, गॅस भरायची नळी बसवा: त्याच फिल्मची ४ सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर लांब.  फिल्म नेहमीसारखी, पॉलिथिन आत ठेवून नळी केली तर इस्त्रीने तिचं तोंडही चिकटून बसतं आणि ती व पाकळी यांच्यात फट राहते, कारण नळीची बाहेरची बाजू पॉलिएस्टरची होते. म्हणून नळीपुरती फिल्म उलटी घ्या, पॉलिथिन बाहेर, आणि नळीची स्वतःची उभी कड पॉलिएस्टर टेपने बंद करा. वापरताना नळी तीनदा दुमडून खाऊच्या पाकिटाची प्लास्टिक क्लिप लावायची. फॉइल फुग्यातली झडप कापून लावणारेही आहेत, पण त्यातून गॅस परत काढताना झडपेचे पदर फाटतात.

दोन्ही टोकांना सहा जोड एकत्र येतात. हमखास गळती इथेच. टोकं अगदी टोकदार न ठेवता सेंटीमीटरभर बोथट कापा आणि फुगवल्यानंतर बाहेरून ८ सेंटीमीटर व्यासाची मेटलाइज्ड पॉलिएस्टर टेपची चकती लावा. चकतीच्या कडेला कात्रीने बारीक चिरा दिल्या की ती वक्रावर सुरकुती न पडता बसते.

गळती शोधणे

आधी हवा भरा, हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून. मध्यावरचा घेर टेपने मोजा, २३५ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवा. मग पिशवी हलकी दाबून कान लावत सगळे जोड फिरा. जिथे सूं ऐकू येतं तिथे साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की जागा पुसून, वाळवून टेप लावा. ओल्या फिल्मवर टेप दोन दिवसांत सुटते. दुरुस्तीनंतर पिशवी २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीत तपासा. सकाळी फुगवून दुपारी पाहिलं तर उष्णतेने फुगलेली पिशवी गळती लपवते आणि रात्री पाहिलं तर चांगली पिशवीही सैल वाटते.

हेलियम

१० लिटरच्या, १५० बार दाबाच्या सिलिंडरमधून १.४ घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो, म्हणजे पिशवी दोनदा भरून वर वेळोवेळी टॉप-अपला उरतो. ४७ लिटरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर असतो, तो चौघांनी मिळून घ्यावा. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला, गॅस रेग्युलेटरमधूनच, खिडक्या उघड्या. आवाज बारीक करायला हेलियम ओढणारे एक-दोन जण प्रत्येक गटात असतात. त्यांना सांगा की छातीत हेलियम भरला की ऑक्सिजनला जागा राहत नाही, माणूस उभ्या-उभ्या कोसळतो. थेट सिलिंडरवरून ओढला तर दाबाने फुप्फुस फाटतं.

भरण्याआधी पिशवी टोकापासून नळीकडे घट्ट गुंडाळत आतली हवा काढून टाका. आत राहिलेली दर ५ लिटर हवा सुमारे ५ ग्रॅम उचल खाते. पिशवी सुरकुत्या जेमतेम जातील इथपर्यंतच भरा, ढोलासारखी ताठ नको. ही फिल्म रबरासारखी ताणत नाही. एसी हॉलमध्ये २२ अंशांना काठोकाठ भरलेली पिशवी ३८ अंशांच्या व्हरांड्यात नेली तर गॅस ५ टक्के फुगतो आणि आधी जोड उकलतो.

आता उचल मोजा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक किलोची साखरेची पुडी ठेवा, तिला दोऱ्याने पिशवी बांधा, पंखे बंद करा. काटा ६७० ग्रॅम दाखवत असेल तर निव्वळ उचल ३३०. पिशवीचं स्वतःचं वजन यातून आपोआप वजा झालेलं असतं. हा आकडा कागदावर लिहून भिंतीवर लावा, पुढचं सगळं याच्या आत बसवायचं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतची घट चालते, १५ ग्रॅम जात असतील तर कुठेतरी भोक आहे.

पंख

नुसती लंबगोल पिशवी नाकासमोर जात नाही. थोडी तिरपी झाली की आणखी तिरपी होत आडवी पडते. म्हणून शेपटाला चार पंख. ३ मिलिमीटर डेप्रॉनचा, म्हणजे हलक्या फोम शीटचा, प्रत्येक पंख मुळाशी २६, टोकाशी १६ आणि उंचीला २१ सेंटीमीटर. चौघांचं मिळून डेप्रॉन वीस-एकवीस ग्रॅम, त्यात १.५ मिलिमीटरच्या कार्बनच्या काड्या, टेप आणि दोऱ्या धरून ४० ग्रॅम. सनबोर्ड वापरू नका, शेपटाला लागलेला प्रत्येक ग्रॅम पुढे दुसऱ्या वजनाने तोलावा लागतो.

पंख अधिकच्या चिन्हासारखे नकोत, गुणाकाराच्या चिन्हासारखे तिरके बसवा. खालचा पंख सरळ खाली आला तर उतरताना तोच आधी जमिनीला टेकून मोडतो. मुळाचा वक्र फुगवलेल्या पिशवीवर पुठ्ठा धरून उतरवून घ्या. पंख फक्त टेपवर उभा राहत नाही. टेपच्या छोट्या जिभांनी मूळ धरा आणि शेजारच्या पंखांची टोकं मासेमारीच्या बारीक तंगूसने एकमेकांना बांधा. चार तंगूस सारखे ताणले की चारही पंख आपोआप सरळ होतात.

गोंडोला आणि मोटरी

हॉलमध्ये एअरशिप माणसाच्या चालीने जाते. एवढ्या वेगात रडरवरून वाहणारी हवा तिला वळवायला पुरत नाही. म्हणून हलतं रडर सोडून द्या. दोन मोटरी एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना लावा. वळायचं असेल तर एक जोरात, दुसरी हळू किंवा उलटी. वर-खाली जायचं असेल तर सर्व्होने, म्हणजे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने, अख्खी दांडीच स्वतःभोवती फिरवायची, म्हणजे मोटरींचं तोंड वर होतं.

दांडी ४ मिलिमीटरची पोकळ कार्बन नळी, ४० सेंटीमीटर लांब. कापताना मास्क लावा आणि टोकांवर टेप गुंडाळा, कारण कार्बनमधून वीज वाहते आणि सोललेली तार लागली की ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, जळतो. गोंडोलाचं, म्हणजे पिशवीच्या पोटाला लावायच्या चौकटीचं, सगळं सामान असं: ११०४ आकाराच्या दोन ब्रशलेस मोटरी १२ ग्रॅम, तीन इंची प्रोपेलर ३, बीएलहेली-एस प्रोग्रॅम असलेले दोन छोटे ईएससी १०, बॅटरीचा दाब पाच व्होल्टवर आणणारा बीईसी ३, रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर १५, नऊ ग्रॅमचा एक सर्व्हो, दोन सेलची ४५० एमएएच लायपो बॅटरी ३०, दांडी ४, बाल्साच्या हलक्या लाकडाची आणि डेप्रॉनची चौकट २०, तारा-कनेक्टर-वेल्क्रो २०. बेरीज सव्वाशेच्या आसपास.

यातला बीईसी लोक विसरतात. इतक्या लहान ईएससींपैकी बऱ्याच जणांमध्ये पाच व्होल्टचं आउटपुट नसतंच. सगळं जोडून झाल्यावर रिसीव्हरचा दिवा लागत नाही, आणि कुणी वैतागून थेट बॅटरी जोडली की ८.४ व्होल्टवर सर्व्हो जातो.

ईएससी दोन्ही दिशांना चालणारा करून घ्यावा लागतो, सेटिंगमध्ये मोटर डिरेक्शन बायडायरेक्शनल. मग काडी मध्यावर असताना मोटर थांबते, पुढे केली की पुढे, मागे केली की उलटी. एअरशिपला ब्रेक नसतो, त्यामुळे ही सोय ऐच्छिक नाही. दोन्ही मोटरी एकाच दिशेला ढकलत नसतील तर एकीच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. मोटरच्या तारा दांडीवरून आणताना गोंडोलापाशी एक सैल वळसा ठेवा. दांडी ९० अंश फिरते, आणि ताणून बांधलेल्या तारा दहाव्या उड्डाणाला तुटतात.

रिमोट सहा चॅनेलचा साधा पुरतो. फ्लायस्काय एफएस-आय६ सारख्या रिमोटवर एलेव्हॉन मिक्स, म्हणजे एका काडीच्या दोन्ही हालचाली दोन चॅनेलांवर मिसळणारं सेटिंग, चालू करा आणि दोन ईएससी चॅनेल १ आणि २ वर लावा. उजव्या काडीनेच पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, असा रणगाड्यासारखा ताबा मिळतो. दांडीचा सर्व्हो चॅनेल ३ वर, म्हणजे डाव्या काडीवर. ती सोडली तिथेच थांबते, त्यामुळे दांडी तिरपी ठेवून हात मोकळा राहतो. दांडी आडव्यापासून सरळ वरपर्यंत ९० अंश फिरली की पुरे. खाली जायला दांडी वर करून मोटरी उलट्या चालवायच्या. फक्त तेव्हा प्रोपेलरचा झोत पिशवीच्या पोटावर आदळतो आणि बराचसा जोर तिथेच जिरतो, शिवाय प्रोपेलर उलटा फिरताना मुळातच कमी ओढतो. खाली येण्यासाठी मोटरींवर भिस्त ठेवता येत नाही, हे वजन साधताना उपयोगी पडेल.

फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल गेल्यावर काय करायचं त्या सेटिंगमध्ये, चॅनेल १ आणि २ मध्यावर ठेवा, शून्यावर नव्हे. शून्यावर ठेवले तर सिग्नल जाताच दोन्ही मोटरी पूर्ण वेगाने उलट्या फिरतात. मेटलाइज्ड फिल्म रेडिओ लहरी अडवते, म्हणून रिसीव्हरच्या अँटेना पिशवीला चिकटवू नका, गोंडोलाखाली लोंबत्या आणि एकमेकींशी काटकोनात ठेवा.

तोल

उचलीचा मध्य पिशवीच्या बरोबर मध्यावर, नाकापासून ९० सेंटीमीटरवर. पंखांचे ४० ग्रॅम त्याच्या मागे साधारण ६८ सेंटीमीटरवर, म्हणजे २७२० ग्रॅम-सेंटीमीटरची मागे ओढ. पुढे ठेवायला आपल्याकडे गोंडोलाचे १२५ आणि बॅलास्ट, म्हणजे तोल साधायला मुद्दाम ठेवलेलं वजन. बॅलास्ट किती? ४७० मधून पिशवी टेपसकट १४०, पंख ४०, गोंडोला १२५ वजा करा, उरतात १६५. गोंडोला आणि बॅलास्ट मिळून २९०. २७२० भागिले २९० म्हणजे मध्यापासून ९.४ सेंटीमीटर पुढे गोंडोला. पहिल्यांदा वेल्क्रोची पट्टी लांब ठेवा, दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे करावंच लागतं.

वेल्क्रो थेट फिल्मवर लावू नका. खाली पॉलिएस्टर टेपचा दुहेरी चौकोन लावा, त्यावर वेल्क्रो, आणि गोंडोला काढताना एका कडेने सोलत काढा. सरळ खाली ओढला तर फिल्मचा तुकडा बरोबर येतो.

बॅलास्टला वाळूपेक्षा मूग बरे. झिपची छोटी पिशवी फाटलीच तर बॅडमिंटन कोर्टाच्या लाकडी फरशीवर वाळू ओरखडे पाडते आणि हॉलवाले पुन्हा दारात उभं करत नाहीत. एकेक चमचा काढत जा. सोडल्यावर एअरशिप दोन मीटर उंचीवरून दहा-बारा सेकंदांत हळूच जमिनीला टेकली पाहिजे, म्हणजे ती पाचेक ग्रॅम जड आहे. तंतोतंत शून्यावर आणायचा मोह आवरा. बॅटरी संपली किंवा सिग्नल गेला तर जड एअरशिप खाली येते, हलकी छताला जाऊन गर्डरमध्ये बसते आणि मग शिडी शोधत फिरावं लागतं.

नाक खाली जात असेल तर गोंडोला मागे घ्या, शेपूट खाली बसत असेल तर पुढे. हे काम नेहमी मोटरी बंद ठेवून करा. थ्रॉटल देताच नाक थोडं वर उठतं ते तोलातल्या चुकीमुळे नव्हे, ढकलणारा जोर पिशवीच्या खाली असल्यामुळे. काडी सावकाश पुढे केली की ते कमी होतं.

हॉल आणि पहिलं उड्डाण

शाळेचं सभागृह, बॅडमिंटन हॉल, रिकामं मंगल कार्यालय, काहीही चालतं. छताचे पंखे बंद हवेत, नुसते हळू नव्हेत. एसीचा झोत कुठून येतो ते आधी बघून ठेवा. पत्र्याच्या छताखाली दुपारी वरच्या थरात हवा तापून विरळ होते, तिथे गेलेली एअरशिप अचानक जड झाल्यासारखी बसते आणि खाली आली की पुन्हा ठीक होते. तेवढ्यासाठी मूग काढत बसू नका.

काट्यावर ती जवळजवळ शून्य असली तरी वस्तुमान शून्य नसतं. हेलियम धरून सगळं मिळून ५८० ग्रॅम हलत असतं, त्यात आजूबाजूची हवाही ती ओढून नेते. त्यामुळे थांबायला वेळ लागतो. भिंत चार मीटरवर असतानाच मोटरी उलट्या द्या. वळतानाही तसंच: नाक हव्या दिशेला पोचण्याआधीच विरुद्ध बाजूला थोडं द्या, नाहीतर ती गिरकी घेत राहते. पहिली दहा मिनिटं नुसतं एका खुर्चीभोवती आठचा आकडा काढत फिरवा, उंची बदलू नका. बॅटरी सेलमागे ३.५ व्होल्टला आली की उतरवा. सावकाश चालवलं तर ४५० एमएएचमध्ये पंधरा-अठरा मिनिटं मिळतात.

बाहेर उडवायची घाई नको. हिचा सगळा जोर ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वाऱ्यापुढे संपतो. अगदी पहाटे, पान हलत नसताना, पंचवीस मीटर तंगूस बांधून आणि विजेच्या तारांपासून लांब, इतपत ठीक. मेटलाइज्ड फिल्म तारांवर पडली तर शॉर्ट सर्किट होतं. ऊन आलं की आतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतो, एअरशिप हलकी होऊन वर निघते, आणि ढगाखाली पुन्हा जड. जागा कुठल्या रंगाच्या क्षेत्रात येते ते डिजिटल स्कायच्या, म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या, नकाशावर आधी पाहा, विमानतळाच्या आसपास तर नकोच. आयआयटी मुंबईत प्रा. राजकुमार पंत यांच्या मार्गदर्शनाखाली बाहेर उडणाऱ्या रिमोट एअरशिप झाल्या आहेत, पण त्या कितीतरी मोठ्या घनफळाच्या. वाऱ्याशी झुंजायला जास्त ताकदीची मोटर आणि मोठी बॅटरी लागते, ती उचलायला मोठी पिशवी, आणि मोठ्या पिशवीला वारा जास्त लागतो.

दोन-तीन आठवडे टॉप-अप करत राहिलात तर उचल हळूहळू मूळ आकड्याच्या खालीच राहू लागते, पिशवी भरलेली दिसत असूनही. गॅस बाहेर जातो तशी बाहेरची हवाही आत शिरते. अशा वेळी वरून आणखी हेलियम भरून उपयोग नाही, पिशवी पूर्ण रिकामी करून नव्याने भरा. रिकामी करताना नळीची क्लिप काढून नळीचं तोंड वर करा आणि पिशवी सावकाश गुंडाळत या. घडी घालू नका. फिल्मवर पडलेली प्रत्येक कडक घडी पुढच्या वेळची गळती असते. गुंडाळी साडीच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या जाड नळीवर करा, पंख वेगळे काढून सपाट ठेवा आणि लायपो सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवा.